दिवाळीपर्यंत खाडी साफ

निंबा दगा पाटलाने वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा समुद्राच्या पाण्यात हात घातला, तोही जळगावात, कॉलेजच्या प्रयोगशाळेत. पाणी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या दोन कॅनमध्ये होतं आणि त्याला डिझेलचा वास येत होता. बोट बाहेर काढलं तर नखाभोवती काळी कड धरली. निंबाने ते बोट नाकाशी नेलं, पँटला पुसलं आणि राणे मॅडमना विचारलं, "मॅडम, हे असलं पाणी एवढ्या लांबून कशाला आणलं?"

"त्यात कुणीतरी राहतं, ते बघायला," मॅडम म्हणाल्या.

निंबा मूळचा पारोळ्याकडचा. चार भावांत जमीन थोडी, म्हणून मॅट्रिक होताच जळगावला आला. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग निघाला तेव्हा तिथे प्रयोगशाळेचा परिचर म्हणून लागला. काचेची भांडी धुणं, ऑटोक्लेव्ह लावणं, फ्लास्कच्या तोंडाला कापसाचे बोळे करणं, ही त्याची कामं. घरी तो ऑटोक्लेव्हला मोठा कुकर म्हणायचा. बोळे मात्र त्याच्यासारखे विद्यापीठात कुणी करत नसे. घट्ट, पण हवा जाईल इतपतच घट्ट. एकदा बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एक बोळा उपसून हातात धरून पाहिला होता, आणि ती गोष्ट निंबाने बायकोला, प्रमिलाबाईला, पुढे दोन वर्षं सांगितली.

विभागप्रमुख डॉ. सुनंदा राणे पंचावन्नच्या होत्या. असोद्याच्या केळीवाल्या घरातल्या. रोज असोद्याहून लूनावर यायच्या, डोक्याला स्कार्फ बांधून. बोलणं तोडून टाकल्यासारखं. शहाऐंशीच्या दिवाळीच्या सुट्टीत त्या सुरतेला भाचीकडे गेल्या होत्या. तिथून पुढे मच्छीमारांच्या एका खाडीपर्यंत जाऊन त्यांनी स्वतःच्या हाताने ते दोन कॅन भरून आणले. समुद्रात तेल खाणारे जंतू असतात असं त्या वर्षानुवर्षं वाचत आल्या होत्या. आता त्यांना ते डोळ्यांनी पाहायचे होते.

फ्लास्कमध्ये गाळलेलं समुद्राचं पाणी, त्यात थोडे क्षार, वर डिझेलचा पातळ थर, आणि त्यात कॅनमधल्या मूळ पाण्याचे चार थेंब. फ्लास्क शेकरवर, म्हणजे ते सतत हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर, चढवले. शेकर दिवसरात्र खडखडत राहिला. निंबाचा काडीइतका विश्वास नव्हता. शेतातल्या इंजिनाचं डिझेल जिथे सांडतं तिथे गवतसुद्धा उगवत नाही, हे त्याने लहानपणापासून पाहिलं होतं.

बाराव्या दिवशी रविवार होता. वीज गेली तर शेकर पुन्हा चालू करायला निंबा आला होता. सहज त्याने एक फ्लास्क उजेडात धरला. डिझेलचा थर फुटला होता. त्याचे बारीक बारीक मणी झाले होते आणि खालचं पाणी ताकासारखं पांढुरकं दिसत होतं. शेजारच्या फ्लास्कमध्ये जंतू घातलेच नव्हते. तिथे डिझेल पहिल्या दिवशी होतं तसंच तरंगत होतं.

निंबा सायकल काढून थेट असोद्याला गेला. मॅडम अंगणात डाळ निवडत बसल्या होत्या.

"मॅडम, खाल्लं!" तो फाटकातूनच ओरडला.

संध्याकाळी घरी त्याने प्रमिलाबाईला ते सगळं त्यांच्या बोलीत समजावून सांगितलं. "जित्ता शेतस त्या. एवढा बारीक का डोयाले दखातस नही. पन डिझेल खातस."

"मंग समिंदरनं पानी बठ्ठं साफ व्हई जाई का?" तिने विचारलं.

सगळ्या समुद्राचं पाणी साफ होण्याइतका पुढचा विचार निंबाला सुचला नव्हता. पण प्रश्न त्याला आवडला.

पुढची दोन वर्षं तो त्या प्रश्नातच राहिला. कॉलेजची कामं आटोपली की शेकरपाशी जाऊन उभा राहायचा. एकदा मॅडमनी एका फ्लास्कमध्ये क्षार घातले नाहीत आणि त्यातले जंतू वाढलेच नाहीत. मॅडम वहीत लिहीत होत्या. निंबा म्हणाला, "म्हणजे यांनाही युरिया आणि सुपर फॉस्फेट लागतंच की. नुसत्या पाण्यावर केळी तरी कुठे पोसते?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बरोबर. आणि समुद्रात खत टाकलं तर?"

"वाहून जाईल."

"तिथंच सगळे अडलेत, निंबा. जगभरचे."

ते कोडं सोडवायला निंबानेच वाट काढली. मॅडमच्या भावाच्या, गिरधर राण्यांच्या, मळ्यात तो एकदा निरोप द्यायला गेला होता. विहिरीवरच्या इंजिनाखाली डिझेल सांडलं होतं. गिरधरभाऊंनी केळीच्या बुंध्याचं वाळलेलं साल, सोपट, उचललं, त्याने सगळं पुसून घेतलं आणि सोपट बांधावर फेकलं. निंबाने ते उचलून पिळून पाहिलं. डिझेल सोपटाने असं धरून ठेवलं होतं की पिळूनही पुरतं सुटेना. मग त्याने त्याच मळ्यातून पोतंभर सोपट आणलं, कुटून त्याचा धागा मोकळा केला, जुन्या मच्छरदाणीच्या कापडात भरून हातभर लांबीच्या गाद्या शिवल्या. युरियाचे दाणे वितळलेल्या मेणात बुडवून त्यात ठेवले, म्हणजे ते एकदम विरघळणार नाहीत. वरून जंतूंचं पाणी शिंपडलं. तेल सोपटाला चिकटेल, खत तिथेच मिळेल, जंतू तिथेच बसून खातील. प्रयोगशाळेतल्या सिमेंटच्या टाकीत तीन आठवड्यांत पाण्यावरचा तवंग गेला.

मॅडम टाकीच्या काठाशी बराच वेळ उभ्या होत्या. कौतुक करणं त्यांना जमत नसे. त्या म्हणाल्या, "टाकीला भरती-ओहोटी नसते." पण जानेवारी एकोणनव्वदमध्ये दोघं साठ गाद्या तीन पोत्यांत भरून सुरत पॅसेंजरमध्ये चढले.

खाडी पाहून निंबाचा जीव दडपला. पन्नासेक होड्या, आणि बहुतेकींना आता मशीन बसलेलं. प्रत्येक मशीनखालचं घाण तेल डब्याडब्याने पाण्यात उपसलं जात होतं. ओहोटीला चिखल उघडा पडायचा, तो मोरपिसासारखा चमकायचा. तिथे त्यांना मगनभाई भेटला. निंबाच्याच वयाचा, किडकिडीत, एका होडीचा मालक. त्याची होडी अजून शिडावर चाले. खाडीत जाळं लावून बोई मासळी धरायची आणि बायकोने ती बाजारात न्यायची, असं त्याचं घर चाले. अलीकडे गिऱ्हाईक मासा हातात घेऊन हुंगायचं आणि परत टाकायचं, म्हणून तो होडी विकायच्या विचारात होता.

मगनभाईने त्यांना आडोशाची दोन वळणं दाखवली. दोन्ही ठिकाणी बांबू ठोकून, पोती लावून कुंपण केलं, म्हणजे नवं तेल आत येऊ नये. एका वळणात गाद्या बांधल्या. दुसरं तसंच सोडलं.

"ते कशाला रिकामं?" मगनभाईने विचारलं.

"तुलनेला," मॅडम म्हणाल्या. "रोज दोन्हीकडचं पाणी बाटलीत भरायचं, निंबा. चिठ्ठी लावायची. चुकायचं नाही."

चौथ्या दिवशी मॅडम परीक्षांसाठी परतल्या. निंबा रजा काढून तीन आठवडे राहिला, मगनभाईच्या पडवीत. त्याची अहिराणी आणि मगनभाईची गुजराती एकमेकींना फारसं न अडखळता भेटायची. निंबा गाद्या उलटायचा, सुटलेल्या दोऱ्या बांधायचा आणि सकाळी दोन्ही वळणांतल्या बाटल्या भरायचा. गाद्यांच्या वळणात तो तासन्‌तास बसे. दुसऱ्या वळणात बाटली बुडवण्यापुरता जाई.

अठराव्या दिवशी मगनभाईने त्याचा खांदा धरला आणि चिखलाकडे बोट केलं. गाद्यांशेजारी एक लेवटा उड्या मारत होता. हा चिखलातला बोटभर मासा. मगनभाई म्हणाला, दोन वर्षांत या काठाला मी एकही पाहिला नव्हता. मग तो पाण्यात उतरला, ओंजळ भरली आणि नाकाशी नेली. बराच वेळ हुंगत राहिला. बायकोलाही बोलावलं. तिने हुंगलं आणि पदर तोंडाला लावून हसली.

"आखी खाडी क्यारे?" मगनभाईने विचारलं. सबंध खाडी कधी?

निंबाला हे सांगायचा अधिकार नव्हता. बाटल्या अजून उघडल्याही नव्हत्या. पण ती बाई त्याच्याकडे बघत होती आणि लेवटा चिखलात टुणटुणत होता.

"पुढच्या दिवाळीपर्यंत," निंबा म्हणाला. "पाचशे गाद्या घेऊन येतो. तुम्ही होडी तेवढी विकू नका."

बाटल्या तपासायला मार्च उजाडला. निकाल आला त्या दुपारी मॅडमनी निंबाला आत बोलावलं आणि स्टुलावर बसायला सांगितलं. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

"गाद्यांच्या वळणात तेलाच्या दहा भागांतले साडेतीन उरले," त्या म्हणाल्या.

"म्हणजे साडेसहा खाल्ले!"

"थांब. रिकाम्या वळणात चार उरले."

निंबाला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळलं. "पण तिथे तर आपण काहीच ठेवलं नव्हतं."

"कुंपण होतं. नवं तेल आत येत नव्हतं. जुनं थोडं उन्हाने उडालं, थोडं लाटांनी फुटलं, आणि उरलेलं जंतूंनी खाल्लं."

"आपले जंतू तिकडे वाहून गेले असतील."

"निंबा, ते जंतू आपले नव्हते. तिथूनच तर आणले होते मी. ते खाडीत आधीपासून आहेत आणि जमेल तेवढं रोज खातायत. वर्षात खातील तेवढं होड्या महिन्यात ओततात." मॅडमनी चष्मा काढला. "दोन्ही वळणांत एवढाच फरक म्हणजे फरक नाहीच. पुढचा प्रयोग मागायला माझ्याकडे काही नाही."

"मग लेवटा?"

"रिकाम्या वळणात लेवटे होते का?"

निंबा आठवू लागला. एकवीस सकाळी तो त्या वळणात गेला होता. प्रत्येक सकाळी वाकून बाटली भरली होती. तिथल्या चिखलाकडे त्याने एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

मॅडमनी ते सगळं लिहून एका नियतकालिकाला पाठवलं. फसलेलंही छापायला हवं, असं त्यांचं म्हणणं. ते साभार परत आलं. त्या पुन्हा दुधातल्या जंतूंकडे वळल्या. शब्द दिल्याचं निंबाने त्यांना सांगितलं नाही.

त्या दिवाळीनंतर मगनभाईचं पहिलं पोस्टकार्ड आलं, कॉलेजच्या पत्त्यावर. अक्षर गुजराती, म्हणून निंबाने ते एका कापड दुकानदाराकडून वाचून घेतलं. 'आम्ही सर्व मजेत. आपण यायचे होते. बांबू नवे आणून ठेवले आहेत.' दुसरं होळीच्या सुमारास. 'होडीला गिऱ्हाईक आले होते, नाही म्हणून सांगितले.' तिसरं पुढच्या पावसाळ्यात, आणि त्यात फक्त तब्येतीची चौकशी होती. निंबा तिन्ही वेळा उत्तर लिहायला बसला. पहिल्या ओळीच्या पुढे गाडी जाईना. खरं लिहावं तर आधी खोटं बोललो असं होत होतं. खोटं लिहावं तर हात धजत नव्हता.

"काबरं सांगं तुम्ही त्याले?" प्रमिलाबाईने एकदा विचारलं. का सांगितलंत त्याला?

"माले वाटनं, व्हई जाई."

"आते काय करशात?"

निंबा कापसाचं बंडल ओढून घेऊन बोळे वळत बसला. हे काम तो घरी कधी आणत नसे.

जंतू मात्र त्याने जगवले. मॅडमच्या परवानगीने दर महिन्याला त्यांना नव्या क्षारांवर, नव्या डिझेलवर हलवायचं, आणि नळ्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायच्या. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला जायचा, वीज जायची. तेव्हा तो कोल्ड्रिंकवाल्याकडून बर्फ आणून नळ्यांभोवती लावायचा. कशासाठी, हे त्याला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

एक्याण्णवला मॅडम निवृत्त झाल्या. नवे विभागप्रमुख तरुण होते, सज्जन होते. त्यांना फ्रीजमध्ये जागा हवी होती. "पाटील, त्या खालच्या नळ्यांचं काम कुणाचं चालू आहे?" त्यांनी विचारलं. कुणाचंच नाही, असं उत्तर होतं. "मग या आठवड्यात काढून टाका."

निंबा असोद्याला गेला. मॅडम ओसरीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. निवृत्तीनंतरच्या काही महिन्यांतच बऱ्याच म्हाताऱ्या दिसू लागल्या होत्या.

"तुम्ही सरांना एक शब्द सांगा, मॅडम. नळ्या राहू द्या म्हणावं."

"कशाला? खाडीत हवे तेवढे पडलेत."

"माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी म्हणजे?"

तेव्हा निंबाने सांगितलं. लेवटा, ओंजळ, दिवाळी, होडी विकू नका, पोस्टकार्डं.

"मी सांगितलं होतं तुला शब्द द्यायला?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाही."

"बाटल्या उघडायच्या आधी?"

"हो."

"आणि निकाल आल्यावर दोन वर्षं त्या माणसाला कळवलं नाहीस." त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "नळ्या मारून टाक, निंबा. त्या आहेत तोवर तू जाणार नाहीस. आणि तुला जायला हवं."

जिवंत कल्चर तसंच मोरीत ओतायचं नसतं. आधी ऑटोक्लेव्हमध्ये मारायचं असतं. हा नियम मॅडमनीच त्याला शिकवला होता. शनिवारी सकाळी निंबाने चौदा नळ्या तारेच्या टोपलीत उभ्या केल्या, झाकण बसवलं, पेच आवळले. काटा पंधरा पौंडांवर चढला. वीस मिनिटं तो समोर उभा राहिला. झाकण उघडलं तेव्हा वाफेला डिझेलचा आणि खारट असा वास होता. नळ्यांतलं पाणी होतं तसंच पांढुरकं दिसत होतं. जिवंत जंतू आणि मेलेले जंतू बाहेरून सारखेच दिसतात. त्याने नळ्या रिकाम्या केल्या, ब्रशने घासल्या आणि उपड्या घातल्या.

त्या हिवाळ्यात तो खाडीवर गेला. बसमधून उतरताच वास आला. होड्या दुप्पट झाल्या होत्या. धक्क्यावर आता डिझेलचं गोदाम होतं. पिंपांची रांग, हातपंप, आणि पंपाशी काळपट बनियन घातलेला माणूस. निंबाने त्याला पाठीवरून ओळखलं.

"आवो, निंबाभाई," मगनभाई म्हणाला. हात चिंधीला पुसून त्याने पिंपावरची जागा झाडून दिली. चहा मागवला. घरी चला म्हणाला नाही.

होडीचं त्याने आपणहून सांगितलं. शेजारच्या होडीवाल्याने एकोणनव्वदच्या पावसाळ्याआधीच आपली विकली. तेव्हा गिऱ्हाईक होतं. तो सुरतेला गेला, आता तिथे त्याचं दुकान आहे. मगनभाई दोन दिवाळ्या थांबला. तोवर शिडाच्या होड्या कुणी विचारीना झालं. शेवटी सरपणाला तोडून दिली. बायको आता बाजारात बसत नाही, दुसऱ्यांच्या घरी भांडी घासते. हे सगळं तो गावात पाऊस किती झाला हे सांगावं तसं सांगत होता. मध्ये एकदा एक होडी लागली, तेव्हा उठून त्याने तिचं पिंप भरून दिलं. नळीतून थोडं डिझेल पाण्यात सांडलं. दोघांनी ते पाहिलं.

"मगनभाई," निंबा म्हणाला, "मी चुकीचं बोललो होतो. गाद्यांनी काही झालं नव्हतं. त्या दुसऱ्या वळणातही पाणी तेवढंच साफ झालं होतं. तेल खाणारे जंतू तुमच्या खाडीत आधीचेच आहेत. आम्ही इथूनच नेले होते."

मगनभाई विचार करत राहिला. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्याने विचारलं, "तो पछी तमे शुं लाव्या'ता?"

मग तुम्ही काय आणलं होतं? गुजराती असूनही निंबाला त्यातला शब्द न्‌ शब्द कळला.

तो म्हणाला, "सोपट."

मगनभाईने मान हलवली. चहाचे कप आले. दोघांनी ते उभ्यानेच प्यायले, कारण तेवढ्यात आणखी दोन होड्या पंपाला लागल्या होत्या. निंबाने निरोप घेतला तेव्हा मगनभाई पंप मारत होता. त्याने कोपराने नमस्कार केल्यासारखं केलं.

निंबा पुढे निवृत्तीपर्यंत नोकरीत राहिला. कामात कसूर नव्हती. बोळे तसेच होत होते, पण आता दुकानात तयार बोळे मिळू लागले आणि कॉलेजने ते घ्यायला सुरुवात केली. राणे मॅडम पंच्याण्णवला गेल्या. निंबा असोद्याला पोहोचला तोवर अंत्यविधी आटोपला होता. प्रमिलाबाईने त्याला समुद्राबद्दल पुन्हा काही विचारलं नाही. वर्तमानपत्रात कुठे जहाज फुटून तेल सांडल्याची बातमी आली की ती ते पान पेटवणाला चुलीकडे नेऊन ठेवायची. निंबा ते तिथून उचलून आणायचा, पूर्ण वाचायचा, घडी घालायचा आणि परत चुलीपाशी ठेवायचा.